सारजाबाईचा खुबा

बेल्ह्याच्या बैलबाजारात कुंडलिक भोर, म्हणजे नाना, शिरले की विकणारी माणसं जरा सावरून उभी राहत. नाना कुणाचं ऐकून घेत नसत. धनी म्हणायचा, चार दाती आहे. नाना स्वतः जबडा उघडून बघायचे. धनी बैल पुढून चालवून दाखवायचा. नाना मागं जाऊन उभे राहायचे. आणि शेवटी एकच सांगायचे, "बसव त्याला. आता उठव." त्या बसण्या-उठण्यात त्यांना काय दिसायचं ते त्यांनाच ठाऊक, पण चाळीस वर्षांत त्यांनी निवडलेला बैल कधी लंगडा निघाला नाही. अवसरीपासून आळेफाट्यापर्यंतची माणसं बैल घ्यायला जाताना त्यांना गाडीत घालून न्यायची.

या नजरेचा एक तोटा होता. बाजारातून घरी आल्यावर ती उतरवून खुंटीला टांगता येत नव्हती. कुणी गोड बोललं की नानांना वाटायचं, हा मागचा पाय लपवतोय.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. नानांच्या बायकोचा, सारजाबाईचा, उजवा खुबा चार वर्षं दुखत होता. आधी मालिश झाली, मग लेप झाले, मग मंचरच्या डॉक्टरची इंजेक्शनं. शेवटी त्याच डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की खुब्याचा गोळा झिजून गेलाय, पुण्याला जाऊन नवा बसवा. तोवर सारजाबाईला गोठ्यापर्यंत जायलाही भिंत धरावी लागत होती.

पुण्याचं हॉस्पिटल शोधलं सुनेनं. वृषाली अवसरी खुर्दच्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकलच्या पोरांना शिकवायची. नानांचा मुलगा भरत चाकणला कंपनीत होता, त्याच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळं घरातली बाहेरची कामं तीच बघायची. तिनं एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक आणलं. त्यावर एका पांढऱ्या यंत्राचा फोटो होता. जाडजूड खांब आणि त्याला कोपरात वाकलेला हात.

"नाना, हा रोबो आहे," वृषाली म्हणाली. "गोळा ज्यात फिरतो ती वाटी कुठं बसवायची, किती कलती करायची, ते कॉम्प्युटर मोजतो. माणसाच्या अंदाजानं होत नाही."

"आन् ह्याची चूक झाली तर कुनाचं नरडं धरायचं?" नानांनी विचारलं.

वृषाली हसली. तिला वाटलं, नाना चेष्टा करतायत.

हॉस्पिटलात डॉक्टर औटी भेटले. मूळचे जुन्नरचे निघाले. आपल्याकडचा माणूस म्हणून सारजाबाईचा जीव भांड्यात पडला, पण नानांना तेच खटकलं. बाजारात गाववाला सांगूनच निम्मे लोक खोटा बैल गळ्यात मारतात. त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "कापनार कोन? तुमी का ती मशीन?"

"मीच, नाना. मशीन मापं देतं. मी ठरवलेल्या मापाबाहेर माझा हात गेला, तर ते मला अडवतं."

"म्हंजी तुमच्याबी हाताचा तुमाला भरवसा न्हाई."

डॉक्टर मोठ्यानं हसले. नाना हसले नाहीत.

ऑपरेशन मात्र झकास झालं. तिसऱ्या दिवशी सारजाबाई वॉकर धरून उभी राहिली, आठव्या दिवशी घरी आली. चार वर्षांत पहिल्यांदा ती रात्रभर झोपली. हॉस्पिटलनं नियमांचा कागद दिला होता: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना पायांच्या मध्ये उशी. वृषालीनं उंच खुर्ची आणली, संडासात कमोडची खुर्ची ठेवली आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

चोविसाव्या दिवशी दुपारी नाना मंचरहून आले, तर घरातून सारजाबाईची किंकाळी ऐकू आली. ती ओसरीतल्या खुर्चीतून अर्धी खाली घसरली होती. उजवा पाय आत वळला होता आणि डाव्यापेक्षा चार बोटं आखूड दिसत होता. वृषाली तिला काखेत धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"चप्पल घ्यायला वाकल्या फक्त," ती म्हणाली. "कट्ट असा आवाज आला."

जीप केली, पुणं गाठलं. भूल देऊन डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला. औटी त्या दिवशी परगावी होते. हाताखालच्या तरुण डॉक्टरनं कागदावर चार ओळी लिहिल्या आणि नानांनी त्या भरतकडून वाचून घेतल्या. त्यात लिहिलं होतं की घरी सूचना नीट पाळल्या गेल्या नाहीत.

घरी म्हणजे कोण? दिवसभर सारजाबाईजवळ कोण होतं? त्या दिवशी रजा काढून घरी कोण थांबलं होतं? नानांनी तोंडानं काही विचारलं नाही, पण नजर सुनेवर जाऊन बसली.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. हॉस्पिटलच्या जिन्यात निळा कोट घातलेली एक मुलगी वृषालीला भेटली. दोघी थबकल्या. मुलगी काही तरी हळू बोलली, वृषालीनं डोळ्यांनीच नानांकडं खुणावलं आणि मुलगी बोलायची थांबली. मुलीच्या कोटावर त्या मशीनच्या कंपनीचं चिन्ह होतं. नानांनी ते ओळखलं, माहितीपत्रकावर होतं तेच.

"कोन गं ती?" जीपमध्ये त्यांनी विचारलं.

"उज्ज्वला. माझ्या वर्गात होती इंजिनिअरिंगला," वृषाली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

एवढं पुरेसं होतं. पुढचे पंधरा दिवस नाना शेतावर गेले नाहीत. ओसरीत बाज टाकून बसले. वृषाली सासूला आंघोळ घालायला नेई तेव्हा दाराबाहेर उभे राहायचे. जेवण देताना ताट किती लांब ठेवते, खुर्चीत बसवताना हात कुठं धरते, सगळं बघायचे. सारजाबाईनं मेथीची जुडी निवडायला मागितली, तर "कुनी सांगितलं निवडायला?" म्हणून खेकसले. वृषालीला ते कळत होतं. ती कॉलेजातून आल्यावर पूर्वीसारखी गप्पा मारायला ओसरीत थांबेनाशी झाली. भरतनं एकदा विचारलं, "नाना, तुमचं काय चाललंय?" त्यावर नाना म्हणाले, "तू कामाव जा."

दुसऱ्यांदा खुबा निखळला तो नानांच्या डोळ्यांसमोर. सकाळची वेळ होती. सारजाबाई उंच खुर्चीत बसली होती, पाय सरळ, गुडघे वेगळे, सगळं कागदात लिहिल्यासारखं. वृषालीनं चहाची बशी पुढं केली. ती घ्यायला सारजाबाई वीतभर पुढं झुकली असेल नसेल. पुन्हा तोच कट्ट आवाज, पुन्हा तीच किंकाळी.

नाना बाजेवरून उठलेच नाहीत. त्यांना पहिल्यांदा कळलं की यात सुनेचा हात नाही. पण माणसाचा संशय एका ठिकाणाहून हलला की लगेच विरत नाही, शेजारी जाऊन बसतो. पुण्याहून परत आल्यावर, सारजाबाईला खाटेवर निजवल्यावर, ते वृषालीसमोर उभे राहिले.

"तुज्या मैत्रिणीची मशीन नवी व्हती ना? शिकायला कुनी तरी पायजे व्हतं. माजी बायको घावली व्हय तुमाला?"

भरत ओरडला, "नाना!"

 वृषालीनं नानांकडं असं बघितलं की त्यांनाच नजर वळवावी लागली. दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली. सासूच्या पाया पडली, तिच्या उशाशी औषधांची डबी ठेवली, कुठली कधी ते चिठ्ठीवर लिहिलं, आणि घोडेगावला माहेरी निघून गेली. कॉलेजला तिथून ये-जा करू लागली.

नाना एकटेच पुण्याला गेले. डॉक्टर औटींनी त्यांना खुर्ची दिली, पडद्यावर फोटो लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं. "हे बघा, ही वाटी. चाळीस अंश आडवी कललेली, पंधरा अंश पुढं. ठरवलं होतं तसंच. मशीननं एका अंशाचीही चूक केलेली नाही."

"हे कोन सांगतंय?"

"कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे ना."

"म्हंजी मशीन बरोबर हाय, आसं मशीनच सांगतंय," नाना म्हणाले. "डॉक्टर, बैलाचा धनीबी मला हेच सांगतो."

औटी या वेळी हसले नाहीत. त्यांनी कमरेला बांधायचा पट्टा लिहून दिला आणि दोन महिने बघू म्हणाले. पण त्यांचं तोंड उतरलं होतं, हे नानांनी टिपलं. हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच माहीत नाहीये. त्याचीच नानांना जास्त भीती वाटली. लबाड माणसाला पकडता येतं. ज्याला ठाऊकच नाही, त्याचं काय करायचं?

घर रिकामं झालं होतं. शेजारची सखूबाई दोन वेळा येऊन सारजाबाईचं करायची. सारजाबाई नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती अशी:

"पंधरा दिवस पोरीव पहारा दिला तुमी. ती काय करती, कुटं बगती. माज्याकडं बगितलं का एकदा तरी? आवो, पाय माजा निसटतोय."

 नानांना तो बोल लागला, कारण तो खरा होता. त्यांनी डॉक्टर बघितला, मशीन बघितलं, सून बघितली, सुनेची मैत्रीण बघितली. बायकोला मात्र फक्त खुर्चीवर बसलेलं बघितलं होतं. ती बसते कशी, ते नाही.

त्या दिवशी दुपारी सखूबाई आली तेव्हा नाना म्हणाले, "सखू, त्या खुर्चीत बस बरं."

"का वो, काय झालं?"

"बस म्हनतो ना. आता ऊठ. परत बस."

सखूबाई लाजली, हसली, पण बसली आणि उठली. नाना बाजूला उकिडवे बसून बघत राहिले. सखूबाई टेकली की तिची कंबर मागं रेलत होती, पाठीचा खालचा भाग गोल होत होता, पोट आत जात होतं. मग त्यांनी पट्टा बांधलेल्या सारजाबाईला हळूच धरून खुर्चीत बसवलं. तिच्या पाठीमागं हात घातला. पाठ फळीसारखी होती. उभी असताना जशी, बसल्यावर तशीच. कंबर जराही मागं रेलली नाही. सगळं वाकणं एकट्या खुब्यावर आलं होतं.

त्यांनी पुन्हा उभं केलं, पुन्हा बसवलं. तेच.

"तुजी पाठ आशी ताठ कदीपासून हाय?"

"वीस वर्सं झाली," सारजाबाई म्हणाली. "बाजरीच्या गंजीवरनं पडले व्हते तवापासनं कंबर वाकत न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"डॉक्टरला सांगितलंस?"

"त्येनं खुबा इचारला. पाटीचं कुनी इचारलंच न्हाई."

नानांना काय दिसलं ते त्यांना पक्कं कळलं होतं. पण ते पुण्याच्या डॉक्टरला कसं सांगायचं, ते कळत नव्हतं. पाठ बसत नाही, असं म्हटलं तर कोण ऐकणार? आकडे आणि रेघा लागणार होत्या. आणि आकडे, रेघा येणारं माणूस घोडेगावला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते घोडेगावला गेले. वृषालीच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. वृषाली कॉलेजला निघायच्या तयारीत बाहेर आली. नाना उभ्यानंच बोलले. सखूबाईला कसं बसवलं, सारजाबाईला कसं बसवलं, हात कुठं घातला. बोलताना त्यांनी अंगणातल्या मातीत बोटानं दोन आकृत्या काढल्या.

वृषाली आधी दारातच उभी होती. मग पायरी उतरून खाली आली आणि मातीकडं बघत राहिली.

"म्हणजे झोपवून मोजलेला कोन बसल्यावर बदलायला हवा," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कंबर मागं गेली की वाटी उघडते आणि मांडीच्या हाडाला जागा मिळते. आईंची कंबर जातच नाही. हाड वाटीच्या कडेवर पुढं आपटतं आणि गोळा मागून बाहेर."

"तसंच काय तरी. मला बोलता येत न्हाई."

तिनं मान वर केली. "नाना, एक विचारायचं राहिलंय तुमचं. उज्ज्वला त्या दिवशी ऑपरेशनला होती का, हेच ना?"

नाना मातीतल्या आकृत्यांकडं बघू लागले.

"होती. कॉम्प्युटरवर तीच बसली होती. मीच तिला सांगितलं होतं, माझ्या सासूबाईंचं आहे, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं."

नानांना अंगणात उभं राहणं कठीण झालं.  शेवटी ते एवढंच म्हणाले, "सारजेसाठी चल."

"आईंसाठी येते," वृषाली म्हणाली.

तिनं सारजाबाईचे मोबाइलवर बाजूनं फोटो काढले. उभी असताना, बसलेली असताना, जेवढी झुकवता येईल तेवढी झुकवून. तसेच सखूबाईचे. कॉलेजातल्या प्रिंटरवर छापून त्यावर पेनानं रेघा आखल्या, कोन मोजले. मग तिघं पुण्याला गेले.

डॉक्टर औटींनी ते कागद टेबलावर ओळीनं मांडले. बराच वेळ बघत बसले. बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. मग सारजाबाईला घेऊन स्वतः एक्स-रेच्या खोलीत गेले आणि तिचे दोन फोटो काढायला लावले, एक उभ्यानं आणि एक स्टुलावर बसवून. असे फोटो आपण कधी काढत नाही, असं तिथला माणूस म्हणाला, ते नानांनी ऐकलं.

फोटो आले. दोन्हींत कमरेचं हाड जिथल्या तिथं होतं. जणू बाई बसलीच नव्हती.

"मशीनला मी झोपलेल्या माणसाचे फोटो दिले," औटी हळू म्हणाले. "त्यानं झोपलेल्या माणसासाठी वाटी बसवली. चूक माझी आहे, नाना. यांची पाठ मी तपासायला हवी होती."

नानांनी आयुष्यात किती तरी माणसांना खोटं बोलताना पकडलं होतं. पण समोरचा माणूस आपण होऊन चूक सांगतोय, असं फार थोड्या वेळा झालं होतं. अशा वेळी काय करायचं असतं, ते त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, "मंग आता?"

"वाटी पुन्हा बसवायची. जास्त पुढं कललेली. आणि गोळा मोठा घालायचा, म्हणजे सहज निसटणार नाही. मशीन वापरू, पण या वेळी माप हे असेल." त्यांनी वृषालीच्या कागदावर बोट ठेवलं. "तुमची हरकत असेल तर मशीनशिवाय करतो."

नानांनी सारजाबाईकडं बघितलं. "तुजा पाय हाय. तूच सांग."

"वापरा की," सारजाबाई म्हणाली. "मशीन बिचारी सांगितलं तसं वागली. माणसांनीच काय सांगितलं न्हाई तिला."

जुलैत दुसरं ऑपरेशन झालं. ते पहिल्यापेक्षा लांबलं, रक्त जास्त गेलं, दोन बाटल्या द्याव्या लागल्या. नाना दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. दुपारी उज्ज्वला बाहेर आली आणि वृषालीपाशी जाऊन म्हणाली, "सांधा तपासून बघितला सरांनी टेबलावरच, पाय सगळीकडं वळवून. नाही निघत." मग ती थोडी थांबून नानांपाशी आली आणि तेच पुन्हा सांगितलं. नानांनी मान हलवली. तरी पुढचे तीन महिने ते रोज सकाळी सारजाबाईच्या दोन्ही टाचा जुळवून पायांची लांबी बघत राहिले. चौथ्या महिन्यात सारजाबाईनं पाय ओढून घेतला. "पुरं आता," ती म्हणाली. खुबा काही परत निखळला नाही. दिवाळीत ती काठी घेऊन मळ्यापर्यंत चालत गेली.

वृषाली मात्र घरी राहायला आली नाही. भरतनं मंचरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. चाकणची कंपनीची बस तिथूनच सुटते, कॉलेजही जवळ, असं त्यानं सांगितलं. सगळं खरंच होतं. दर रविवारी दोघं यायची, वृषाली सासूच्या पाठीला तेल लावायची, व्यायाम करून घ्यायची, नानांना चहा द्यायची. बोलायची तेवढंच, जेवढं लागेल.

पौषात एका सकाळी नाना स्वतः मंचरला गेले. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या आणि मडक्यात ताक. वृषाली एकटीच होती, कॉलेजचे पेपर तपासत बसली होती. तिनं खुर्ची पुढं केली. नाना खुर्चीत बसले नाहीत, जमिनीवर बसले.

"तुज्याव उगाच आळ घेतला मी," ते म्हणाले. "चार लोकांत म्हनलो असतो, तर तुलाच आवघड झालं असतं. म्हनून इतं आलो."

वृषालीनं पेपर बाजूला ठेवले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "नाना, परत कधी काही वाटलं, तर आधी मला विचाराल?"

 खोटं बोलून सून परत आणायची, असं नानांच्या मनात एकदा येऊन गेलंही.

"इचारीन," ते म्हणाले. "पन इस्वास लगीच बसंल का, ते मला सांगता यायचं न्हाई."

 वृषाली उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून म्हणाली, "ताक नुसतं ठेवून जाऊ नका. जेवूनच जा. भरत एक वाजता येतोय."